चिकूचं झाड



गेले चार महिने इथं काही लिहिलं नाही, कारण आमच्या ओसरीवर सुतारकाम चाललं होतं. घराचं नाही, पलंगाचंही नाही. नव्वद ग्रॅम वजनाच्या एका पाखरासाठी आम्ही एक लाकडी झाड उभं केलं. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझे सासरे. सासूबाई सुरुवातीला फक्त विरोधात होत्या, नंतर कशा आल्या ते पुढे सांगते.

पाखरू आम्ही विकत आणलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ह्यांच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि त्यांनी ‘आठ दिवस ठेवा, घर लागलं की घेऊन जातो’ म्हणून पिंजरा आमच्याकडे ठेवला. नवतपा चालू होता, भंडाऱ्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नव्हता, अशात पाखराला प्रवासाला कसं पाठवणार? ठेवून घेतलं. आठ दिवसांचे पंधरा झाले, मग फोन आला की नव्या घरमालकाला चालत नाही, तुम्हीच ठेवा. चिकू हे नाव त्याच्यासोबतच आलं.

चिकू कॉकाटील आहे. अंगानं राखाडी, तोंड पिवळं, गालांवर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर तुरा. तुरा उभा झाला की समजायचं दचकला किंवा काहीतरी कुतूहल आहे, मागे सपाट टेकवला की रागावला. आमच्या धाकटीला तो तुरा दोन दिवसांत वाचता यायला लागला, मला महिना लागला. हे पाखरू मूळचं ऑस्ट्रेलियाचं. आपल्याकडे जे पाळले जातात ते सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले, पिढ्यान् पिढ्या.

सासूबाईंनी पिंजरा पाहिला त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “काहून आणलं वं हे घरात?” आणि आत निघून गेल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या त्या खोलीतून जाताना पिंजऱ्याकडे पाहायच्या नाहीत. मला वाटलं, घाण होईल, शिवाशिव होईल म्हणून असेल.

मंदिरात तर बोलणं व्हायचंच होतं. अष्टमीला पूजा आटोपून आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, “जैनाच्या घरात पिंजरा? आम्ही तर पाखरं सोडवतो बाई, कोंडत नाही.” मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत चालत आलं. कारण काकू चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. पहिलाच बंध. तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धीत पूज्यपाद आचार्यांनी बंधाचा अर्थ केलाय तोही साधा आहे: जीवाला जिथं जायचं आहे तिथं जाण्यापासून अडवणं. दोरी असो, साखळी असो, की स्टीलच्या तारांचा चकचकीत पिंजरा.

मग सोडून द्यायचं का?

इथं मी थोडं थांबते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणी वाढदिवसाला, पुण्यतिथीला पाखरं सोडवतात. मीही सोडवली आहेत. मुनिया घेतल्या, पिंजऱ्याचं दार उघडलं, डोळे भरून आले. पण त्या मुनिया कुठून आल्या होत्या? आपण पैसे देतो म्हणूनच पारधी जाळं टाकतो. सहा सुटल्या की सहा नव्या धरल्या जातात, आणि धरताना, कोंबून आणताना किती मरतात ते आपल्याला दिसत नाही. हे कळल्यापासून मी ते बंद केलं. आणि चिकूचं म्हणाल तर त्याला आभाळात सोडणं म्हणजे दया नव्हे. त्याला दाणा शोधता येत नाही, कावळा कोण आणि शिक्रा कोण हे माहीत नाही, आणि त्याचा थवा समुद्रापलीकडे आहे. भंडाऱ्याच्या आभाळात तो दोन दिवस टिकला नसता.

आपल्या हिरव्या पोपटाची गोष्ट मात्र वेगळी आहे, तेही सांगून ठेवते. लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला राघू, किंवा मोठा पहाडी पोपट, हे रानातले जीव आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंठवाला राघू अनुसूची दोनमध्ये गेला आहे. तरी आपल्या ओळखीच्या किती घरांत टांगलेला असतो, मोजून पाहा. कुणाकडे असेल तर घरच्या घरी गच्चीवरून सोडू नका, वर्षानुवर्षं कोंडलेल्याला नीट उडता येत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर विचारा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं अशा जीवांवर उपचार करून, त्यांना सवय लावून मग सोडतात.

तर चिकूला सोडता येत नव्हतं आणि कोंडून ठेवणं गळ्याखाली उतरत नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये काय असतं, ते मला माहीत नव्हतं.

आषाढात एक दिवस मी पिंजरा साफ करायला दार उघडलं. चिकूचे पंख आधीच्या घरी कापलेले होते, त्यामुळे तो उडत नाही हे आम्ही गृहीत धरलं होतं. पण पंख कापले म्हणजे कायमचे जात नाहीत. पाखरू पिसं गाळतं तेव्हा कापलेली थोटकं पडतात आणि त्या जागी नवी अखंड पिसं येतात. ती कधी आली ते आमच्या लक्षातच आलं नाही. चिकू दारातून निघाला तो सरळ वर, छताच्या पंख्याकडे. मी किंचाळले. आणि मैत्रिणींनो, त्या क्षणी लाइन गेलेली होती. भंडाऱ्यात लाइन जाते म्हणून आपण किती बोटं मोडतो! पंखा थांबलेला होता. चिकू त्याच्या पात्यावर जाऊन बसला आणि खाली माझ्याकडे तिरकी मान करून पाहायला लागला. मी आधी भिंतीवरचं बटन बंद केलं, मग खुर्चीत बसले, कारण पाय थरथरत होते.

त्या संध्याकाळी घरात ज्याला त्याला उपाय सुचत होता आणि तो एकच होता, पंख कापा. “दुखत नाही, नखं कापल्यासारखं असतं,” असं ह्यांचे मित्र म्हणाले. ते खरंही आहे, वाढ पूर्ण झालेल्या पिसात रक्त नसतं. पण मला ते तिसरं नाव आठवत राहिलं, छेद. पिसं म्हणजे अवयव की नाही, यावर स्वाध्यायात वाद घालता येईल. मला वाद घालायचा नव्हता. ज्याचं उडणं हेच चालणं आहे त्याचे पाय काढून घ्यायचे आणि मग म्हणायचं की आता पिंजरा उघडा ठेवायला हरकत नाही, हे मला जमेना.

आम्ही नागपूरला पाखरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिकूला उलटा करून पाय दाखवले. तळव्यांना लाल चट्टे. पिंजऱ्यात एकच प्लास्टिकची गुळगुळीत दांडी, एकाच जाडीची. वर्षानुवर्षं दिवसरात्र त्याच दांडीवर, तळव्याच्या त्याच जागेवर सगळं वजन. आपण एकाच दगडावर उभं राहिलो तर काय होईल? पोपटाच्या जातीची दोन बोटं पुढं आणि दोन मागं असतात, फांदी धरण्यासाठी. फांदी कुठं जाड, कुठं बारीक, कुठं खडबडीत असते, म्हणून प्रत्येक पावलाला पकड बदलते. डॉक्टर म्हणाले, याला फांद्या द्या, पिंजऱ्याबाहेर बसायला एक जागा द्या, जिथं दाणापाणी असेल. बाहेर ठरलेली जागा असली की पाखरू पडद्यावर आणि पंख्यावर जात नाही, आपल्या जागी येतं. बाजारातले स्टँड दाखवले, तर तेही रंगवलेल्या गुळगुळीत दांड्यांचेच. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की आपण करू.

मी म्हणजे बाबांनी. माझ्या सासऱ्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. भंडाऱ्याची ओळखच ती, गुंड, परात, तांबे. पुढे स्टील आलं, दुकान मिटलं, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचे हात कापायला लागले. कपातला चहा बशीत सांडतो म्हणून ते पाहुण्यांसमोर चहाच घेत नाहीत. मी सुताराला बोलवायचं म्हणत होते. बाबांनी माळ्यावरची पेटी काढली. करवत, पटाशी, गिरमिट, कानस, सगळं जुन्या तेलकट कापडात गुंडाळलेलं. “दुकानाच्या फळ्या मीच ठोकल्या होत्या,” म्हणाले. मी गप्प बसले.

लाकडापासूनच पंचाईत. परसात जांबाचं झाड आहे (पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणींनो, तुमचा पेरू). जांबाची फांदी पाखरांना चालते, सालीसकट चावली तरी अपाय नाही. कडुनिंबही चालतो. कण्हेर अजिबात नाही, ती विषारी. पण हिरवी फांदी तोडायची नाही, हे आईंनी आतूनच ओरडून सांगितलं. चिकूशी संबंध नसला तरी झाडाशी होता! मृगाच्या वादळात पडलेल्या दोन फांद्या कुंपणाशी होत्या, त्या घेतल्या. एक चांगली मनगटाएवढी जाड, दोन ठिकाणी फाटा फुटलेली. दुसरी बारीक.

आता फांदीत मुंग्या, किडे, अंडी असतात. परदेशात लोक अशा फांद्या चक्क ओव्हनमध्ये भाजून घेतात म्हणे, किंवा उकळतं पाणी ओततात. एका जीवाला बसायला जागा करायची म्हणून शंभर जीव भाजायचे, हे आपल्या घरी कसं व्हावं? आम्ही फांद्या परसाच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. रोज सकाळी हळूच आपटायच्या, मऊ कुंचल्यानं झाडायच्या, पुन्हा ठेवायच्या. मुंग्या पाच-सहा दिवसांत आपापल्या वाटेनं गेल्या. बारीक फांदीला मात्र एक बारकं भोक होतं आणि रोज सकाळी त्याखाली ताज्या भुशाची चिमूट. आत कुणीतरी राहत होतं. बाबा दोन दिवस त्या भोकाकडे भिंग लावून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती फांदी उचलून परत जांबाच्या बुंध्याशी ठेवली आणि म्हणाले, “त्याचं घर झालं आहे.” शेजाऱ्यांच्या कडुनिंबाची एक वाळकी डहाळी मिळेपर्यंत आमचं काम दहा दिवस अडलं.

जोडकाम बाबांनी शिकवलं. जुन्या टीपॉयची सागवानी फळी बैठकीला घेतली, साधारण दोन फूट लांब-रुंद. तिच्या मधोमध गिरमिटानं भोकं पाडायची, पटाशीनं चौकोन करायचा, फांदीच्या बुडाला त्याच मापाचं कुसू काढायचं, ते बसवायचं आणि खालून पाचर ठोकायची. सरस नको होता, तो जनावरांच्या हाडाकातड्याचा. पाचर नीट बसली की लाकूड लाकडालाच धरतं. गिरमिट फिरवताना बाबांचा हात कापायचा, मग मी वरून मूठ धरायची आणि ते फिरवायचे. पहिलं भोक तिरपं गेलं. त्या भोकामुळेच आमचं झाड आजही थोडं ईशान्येला झुकलेलं आहे.

पॉलिश करायचं म्हणून मी शेजारच्या मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला लाखेचं करा, सुंदर चकाकतं. लाख म्हणजे किड्यांचं. आपल्याच भागात पळसावर, कुसुमावर लाखेचे किडे वाढवतात आणि काड्या खरवडून लाख काढतात, त्यात ते जीव जातात. म्हणून लाखेच्या बांगड्यासुद्धा आई घालत नाहीत. मेण, तेही मधमाश्यांचं. रंग आणि वॉर्निश चिकू कुरतडून पोटात घालणार. शेवटी काहीच लावलं नाही, नुसता पॉलिश पेपर फिरवून टोकं गोल केली आणि साल तशीच ठेवली. धर्माला जे चालत नव्हतं ते डॉक्टरांच्या यादीतही नव्हतं, हे असं वारंवार होत गेलं. कांदा-लसूण पाखरांना विष आहे, आमच्या घरात येतच नाही. फक्त गाजरावर अडलं. डॉक्टर म्हणाले होते गाजर किसून द्या, अ जीवनसत्त्व असतं. कंद घरात कसा आणायचा? त्यालाही तोड निघाली, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला. दोन्हींत तेच मिळतं.

वाट्यांवरून मात्र बाबांचं मन दुखलं. त्यांनी दुकानातल्या शेवटच्या मालातून दोन नक्षीच्या पितळी वाट्या आणि एक घुंगरू काढून ठेवलं होतं, चिकूसाठी. घासूनपुसून सोन्यासारख्या केल्या होत्या. आणि मला सांगावं लागलं की पितळ चालणार नाही. पोपट सगळं चोचीनं, जिभेनं चाखून पाहतो, आणि जस्त त्याच्या पोटात गेलं की विषबाधा होते. गॅल्वनाइझ केलेली जाळी म्हणूनच वापरत नाहीत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे मी पितळ विकण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाला सांगत होते. ते वाटीकडे पाहत थोडा वेळ बसले. मग म्हणाले, “बिन कल्हईच्या भांड्यात ताक कोणी ठेवते का? नाही ना. मग झालं.” वाट्या परत पेटीत गेल्या. स्टीलच्या लावल्या, स्टीलच्याच नटबोल्टनं.

आता आईंची गोष्ट.

मी एका बाजूला दाण्याची वाटी लावली, एका बाजूला पाण्याची. आई दारात उभ्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या झाडाजवळ आल्या होत्या. म्हणाल्या, “पाण्याच्या दोन लाव.” मी म्हटलं, आई, एवढ्याशा जीवाला दोन वाट्या कशाला? त्या पुन्हा म्हणाल्या, “दोन लाव.” आवाज वेगळा होता म्हणून मी वर पाहिलं. बाबांनी पटाशी खाली ठेवली.

आईंचं माहेर पवनीचं. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या भावानं सावरीच्या ढोलीतून राघूचं पिल्लू काढून आणलं होतं. तेव्हा सगळेच आणत. ओसरीवर डब्याच्या पत्र्याचा पिंजरा टांगलेला, राघू ‘जय जिनेंद्र’ म्हणायचा, डाळिंबाचे दाणे फक्त आईंच्या हातून खायचा. दाणापाणी त्यांच्याकडेच होतं. एका वैशाखात सगळं घर लग्नाला रामटेकला गेलं. दोन दिवसांचं जाणं, शेजारी बघतील असं ठरलेलं. निघायच्या घाईत पाणी भरायचं राहिलं. शेजाऱ्यांना वाटलं, भरलेलं असेल. दोनाचे चार दिवस झाले.

“वाटी कोरडी ठक्क होती,” आई म्हणाल्या. “चोच वाटीतच होती त्याची.”

एवढंच बोलल्या. साठ वर्षांवर काळ लोटला, घरात कुणाला माहीत नव्हतं, बाबांनाही नाही. त्यांच्या आईनं तेव्हा ‘पोरीचं मन लागेल’ म्हणून विषय बंद केला तो कायमचा. दरवर्षी क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा मागतो. आई ते म्हणताना डोळे का मिटून घेतात, ते मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. पाठशाळेतलं ते पाचवं नाव, अन्नपाणी तोडणं, त्या पाठ म्हणत नव्हत्या. त्यांनी ते पाहिलेलं होतं.

मी दुसरी वाटी लावली. तेव्हापासून दोन्ही वाट्या आईच भरतात, गाळलेल्या पाण्यानं, सकाळी आणि दुपारी. दुपारचं पाणी उन्हानं कोमट होतं म्हणून बदलतात. मी भरू का विचारलं तर नाही म्हणतात.

पंख्याचा प्रश्न पण त्यांनीच सोडवला. मी वेळापत्रक मांडत बसले होते, चिकूला बाहेर काढायचं कधी, पंखा बंद ठेवायचा कधी, श्रावणातल्या या घामाच्या धारांत कोण ऐकेल? आई म्हणाल्या, “माझं सामायिक असते तेव्हा पंखा बंदच असते की.” खरंच की! वायुकायिक जीवांसाठी त्या सामायिकाला पंखा लावत नाहीत, आयुष्यभर. सकाळची ४८ मिनिटं, संध्याकाळची ४८ मिनिटं. घराला त्याची सवय आहेच, त्या वेळेला आम्ही सगळे ओसरीवर जाऊन बसतो. तर आता आई आसनावर, चिकू झाडावर. बटनावर मी चिकटपट्टी लावते, खिडक्यांना जाळी आहे, स्वयंपाकघराचं दार बंद. तव्याचंही एक सांगते: नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं पाखरं मरतात, आपल्याला वासही येत नाही. माझा तवा मी कामवाल्या बाईंनाही दिला नाही, त्यांच्या घरी पाळलेली पाखरं आहेत. भंगारात घातला.

झाड उभं केलं तेव्हा पहिल्याच दिवशी कलंडलं. चिकू त्यावर नव्हता, नशीब. फांदी एकीकडे जड, त्यात तिरपं भोक. बाबांनी परसातून जुना पाटा उचलून आणायला लावला. मिक्सर आल्यापासून तो कपडे धुवायच्या दगडाशेजारी पडून होता. तो बैठकीवर ठेवला, आता हत्ती आला तरी हलणार नाही. खाली रद्दीचा कागद, रोज बदलायचा. फांद्यांना शिंदीच्या पात्यांची झुबकी, मक्याच्या कणसाची सालं आणि बुरडाकडून आणलेली बांबूची बारकी टोपली बांधली, कुरतडायला. सुतळीचे सुटे धागे कापून टाकावे लागतात, नाहीतर बोटाला वेढा बसतो.

आणि चिकू? तीन दिवस तो त्या झाडाकडे पाहून तुरा उभा करायचा आणि पिंजऱ्याच्या छतावरून हलायचा नाही. मी राळ्याची कणसं लावून पाहिली, धाकटीनं शिट्टी मारून पाहिली. काही नाही. चौथ्या दिवशी आई सामायिकाला बसल्या, आम्ही बाहेर. अर्ध्या तासानं आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. एक, दोन. मी धावले, गॅसवर काहीच नव्हतं. जाळीच्या दारातून पाहिलं तर चिकू झाडाच्या सगळ्यात वरच्या फाट्यावर बसून शिट्ट्या घालत होता, आणि आईंचे डोळे मिटलेले, ओठ मात्र हसण्यापासून आवरताना हलत होते. त्या ४८ मिनिटं पुरी झाल्यावरच उठल्या. माझी आमटी मात्र तेव्हापासून शिट्ट्या मोजून होत नाही, घड्याळ लावून ठेवते.

तळव्यांचे चट्टे महिनाभरात फिके झाले. दशलक्षणात तो खोलीत तीन-तीन फेऱ्या मारून झाडावर परत यायला लागला. सूर्य कलला की आपण होऊन पिंजऱ्यात जातो, दार मी लोटते, आणि अंधार पडल्यावर दाण्याला शिवत नाही. “तुझ्यापेक्षा नियम चांगला पाळते,” असं आई मला सुनावतात, कारण एकदा मी लग्नातून उशिरा येऊन उभ्यानं चिवडा खाल्ला होता.

दार लोटते, हे मी लिहिलं. म्हणजे पिंजरा अजून आहे. रात्री मांजर येतं, म्हणून आहे. काकूंचं वाक्य अजून पुरतं उतरलेलं नाही. या क्षमावाणीला मी त्यांना हात जोडले, तेव्हा त्यांनी विचारलं, “ते पाखरू आहे का गं अजून?” मी म्हटलं, या एकदा बघायला, सकाळी सातला, पंखा बंद असतो. परवा आल्या, नातवाला घेऊन. पदरानं घाम पुसत पाऊण तास बसल्या. चिकू त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसला तेव्हा हलल्या नाहीत. जाताना बाबांना विचारत होत्या की फळी किती जाडीची घेतली.

नातवानं एक फांदी कुरतडून बारीक झालेली दाखवली. बरोबर आहे, कडुनिंबाची ती डहाळी आता दिवाळीपर्यंत टिकेलसं वाटत नाही. दर तीन-चार महिन्यांनी बदलावी लागणार. परतीचा पाऊस चालू आहे, काल संध्याकाळी चांगलं वारं सुटलं होतं. आई ओरडत होत्या आणि बाबा छत्री घेऊन परसात जांबाखाली उभे होते, वर बघत.